लीग टेबल नसलेला सीझन : कुगलुक्तुकच्या ग्रिझलीजची गोष्ट

(ऑडिओ एपिसोडचा लिखित मजकूर. अडखळलेली वाक्यं थोडी सरळ केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. एपिसोडमध्ये आत्महत्येचा विषय येतो. आज तो ऐकायची मनःस्थिती नसेल तर खुशाल पुढे कधीतरी ऐका.)

  

आजचा विषय लॅक्रॉस. आता तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी मनात विचारलं असणार, "लॅ... काय?" बरोबरच आहे. आपल्याकडे क्रिकेट, कबड्डी, खो-खो, फारतर फुटबॉल. पण या खेळाचं आपल्या मुंबईशी एक छोटंसं नातं आहे, तिथूनच सुरुवात करतो.

ऑक्टोबर २०२३. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं होतं, बीकेसीत. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट येणार, हा निर्णय तिथेच झाला. बातम्यांमध्ये दिवसभर क्रिकेट, क्रिकेट आणि क्रिकेट. पण त्याच ठरावात एकूण पाच खेळ होते. क्रिकेट, स्क्वॉश, बेसबॉल-सॉफ्टबॉल, फ्लॅग फुटबॉल आणि पाचवा लॅक्रॉस. १९०४ आणि १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉसची पदकं दिली गेली होती, दोन्ही वेळा सुवर्ण कॅनडाला. त्यानंतर इतक्या वर्षांनी पदकांच्या यादीत परत यायचं त्या खेळाचं तिकीट मुंबईत फाटलं. आपल्याला पत्ताच नाही!

पण मला आज ऑलिंपिकची गोष्ट नाही सांगायची. मला सांगायचीये एका हायस्कूलच्या लॅक्रॉस टीमची. शाळा अशा ठिकाणी, की तिथे जायला रस्ता नाही. शेजारचं गाव शेकडो किलोमीटरवर, म्हणजे आंतरशालेय सामना वगैरे विसरा. आणि तरी या टीमच्या सीझनवर पुढे एक अख्खा सिनेमा निघाला.

आधी खेळ समजून घेऊ

लॅक्रॉसमध्ये प्रत्येकाच्या हातात एक काठी असते. काठीच्या टोकाला जाळीचा खिसा. चेंडू टणक रबराचा. तो हाताने उचलायचा नाही, जाळीत झेलायचा, जाळीतच ठेवून पळायचं, जाळीतूनच पास द्यायचा आणि समोरच्या गोलमध्ये मारायचा. पळताना चेंडू पडू नये म्हणून मनगट सतत हलवत राहावं लागतं, पाळणा हलवतो तसं. इंग्रजीत त्याला शब्दही 'क्रेडलिंग' असाच आहे. वाटतं सोपं, पण नवशिक्याचा चेंडू पहिल्या दोन पावलांतच खाली पडतो.

याचे प्रकार आहेत. मैदानी लॅक्रॉस मोठ्या मैदानावर, दहा-दहा जणांचं. आणि कॅनडात जास्त प्रिय असलेलं बॉक्स लॅक्रॉस, म्हणजे इनडोअर. आइस हॉकीचं रिंगण असतं ना, उन्हाळ्यात त्यातला बर्फ काढला की रिकामी जागा उरते, त्यात हे खेळतात. पाच खेळाडू आणि एक गोलकीपर. भोवती भिंत, जागा कमी, धक्काबुक्की भरपूर. आपल्याकडे रात्री अकराला टर्फ बुक करून बॉक्स क्रिकेट खेळणाऱ्यांना ही भानगड लगेच कळेल. जागा छोटी झाली की खेळ वेगवान होतो आणि कोपऱ्यात लपून राहता येत नाही.

हा खेळ मूळचा उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी समाजांचा. हौडेनोसॉनी नावाचा सहा राष्ट्रांचा महासंघ आहे, मोहॉक, ओनोंडागा, सेनेका वगैरे. त्यांच्यासाठी लॅक्रॉस ही श्रद्धेची गोष्ट आहे. ते त्याला निर्मात्याने दिलेला खेळ मानतात, औषध मानतात. माणूस आजारी असेल, समाज दुःखात असेल, तर बरं वाटावं म्हणून हा खेळ खेळायचा. 'लॅक्रॉस' हे नाव नंतर आलेल्या फ्रेंच लोकांनी दिलं. आणि १९९४ मध्ये कॅनडाने कायदा करून लॅक्रॉसला आपला राष्ट्रीय उन्हाळी खेळ ठरवलं. हिवाळी कोणता? अर्थात आइस हॉकी.

हे 'औषध' लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता गाव

शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात आपण 'एस्किमो' वाचलंय. इग्लू, कुत्र्यांची गाडी, सील मासा, दोन मार्कांचा प्रश्न. ती माणसं स्वतःला इनुइट म्हणतात. एस्किमो हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं आणि कॅनडात ते आता अपमानाचं मानतात. त्यामुळे आपणही इनुइटच म्हणू. (आणि हो, सील हा मासा नाही, सस्तन प्राणी आहे. दोन मार्क परत द्या.)

कॅनडाच्या उत्तरेला नुनावुत नावाचा प्रदेश आहे. अर्थ, 'आपली भूमी'. १ एप्रिल १९९९ ला तो अधिकृतपणे वेगळा झाला. आकार सुमारे २० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या सहा पटींहून जास्त. आणि लोकसंख्या? २०२१ च्या जनगणनेत साधारण ३७ हजार. वाकड-हिंजवडीतल्या मोजक्या टाउनशिप एकत्र केल्या की एवढी माणसं सहज होतात. पंचवीस वस्त्या, आणि एकीकडून दुसरीकडे जायला रस्ता नाही. विमान, उन्हाळ्यात बर्फ वितळला की बोट, आणि हिवाळ्यात स्नोमोबिल.

या नुनावुतच्या पश्चिम टोकाला कुगलुक्तुक. कॉपरमाइन नदी आर्क्टिक समुद्राला मिळते त्या मुखावरचं गाव. गावाचं आधीचं नावही कॉपरमाइनच होतं, १९९६ मध्ये ते बदलून मूळ इनुइट नाव परत घेतलं. वस्ती दीड हजाराच्या आत. जवळचं 'शहर' म्हणजे येलोनाईफ, तेही विमानाने साधारण ६०० किलोमीटर दक्षिणेला. गाव आर्क्टिक वर्तुळाच्या वर आहे, त्यामुळे हिवाळ्यात काही आठवडे सूर्य उगवतच नाही. दुपारी थोडं संधिप्रकाशासारखं होतं, बस.

या गावाला एक दुखणं होतं. तरुण मुलं आत्महत्येने जात होती. एखाद-दुसरं घर नाही. सगळे एकमेकांचे नातलग असलेल्या गावात हे घडत होतं, म्हणजे प्रत्येक वेळी अख्खा वर्गच सुतकात.

आता सहज कुणी म्हणेल, "थंडी, अंधार, एकटेपणा, म्हणून असेल." थांबा. थंडी आणि अंधार तिथे हजारो वर्षांपासून आहे. इनुइट समाजात तरुणांच्या आत्महत्या वाढल्या त्या १९७० नंतरच्या दशकांत. मग मधल्या काळात काय झालं?

झालं असं, की भटकं, शिकारीवर चालणारं आयुष्य एका पिढीत मोडलं. लोकांना कायमच्या वस्त्यांत आणलं गेलं. आणि मुलांना शाळेच्या नावाखाली घरापासून तोडलं गेलं. कॅनडात शंभराहून जास्त वर्षं सरकार आणि चर्च मिळून निवासी शाळा चालवत होते. सुमारे दीड लाख आदिवासी मुलं तिथे गेली. भाषा बोललात तर शिक्षा, आईबाप महिनोन् महिने दिसत नाहीत, मारहाण, लैंगिक अत्याचार. खुद्द कॉपरमाइनमध्ये १९५५ ते १९५९ या काळात मुलांना तंबूंच्या वसतिगृहात ठेवलं जायचं. २००८ च्या जूनमध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत उभं राहून या सगळ्याची माफी मागितली.

हे एवढ्यासाठी सांगतोय, की १९९०च्या दशकात कुगलुक्तुकच्या हायस्कूलमध्ये वर्ग ओस पडायचे, तेव्हा "ही मुलं आळशी आहेत" हे उत्तर पुरत नाही. ज्या आजोबांकडून शाळेने त्यांचं बालपण काढून घेतलं, ते नातवाला "जा बाळा शाळेत" कुठल्या तोंडाने म्हणतील? शाळा म्हणजे बाहेरच्या माणसांची जागा. घरात मात्र त्या जुन्या जखमांवर दारू ओतली जात होती, आणि मुलं मध्येच अडकलेली.

सीझन

१९९८ मध्ये रस शेपर्ड नावाचा तरुण शिक्षक या शाळेत आला. दक्षिणेकडच्या सस्कॅच्युवान प्रांतातला, गोरा, नवखा. आपल्याकडे एखाद्या मास्तरांची पहिली पोस्टिंग मेळघाटातल्या आतल्या पाड्यावर होते, तसं समजा, फक्त भाषा आणि हवामान दोन्ही अनोळखी. त्याने तिथल्या मुलांना लॅक्रॉस शिकवायला सुरुवात केली. संघाचं नाव ठेवलं ग्रिझलीज, त्या भागातल्या तपकिरी अस्वलावरून.

या सगळ्यावर २०१८ मध्ये 'द ग्रिझलीज' नावाचा सिनेमा आला, दिग्दर्शक मिरांडा डी पेन्सियर. सिनेमा खऱ्या घटनांवर आधारित आहे, पण सिनेमा आहे. पात्रं, प्रसंग जुळवून घेतलेले आहेत. त्यामुळे मी सिनेमातलं सांगताना 'सिनेमात' असं म्हणेन, गल्लत नको.

सिनेमात सुरुवातीला काय होतं? काही होतच नाही! मास्तर उत्साहात काठ्या वाटतो आणि मुलं त्याच्याकडे अशी बघतात, की "हा किती दिवस टिकणार?" कारण त्यांनी असे शिक्षक पाहिलेत. येतात, फोटो काढतात, करार संपला की जातात. सिनेमातला मास्तरही आलेला असतो तो अनुभव गाठीला बांधून चांगल्या नोकरीवर जायच्या बेतानेच.

मला हा भाग खूप खरा वाटतो. आपण एनजीओवाले, सीएसआरवाले, 'एक दिवस गावासाठी'वाले. गावातल्या मुलांना पाहुणा लगेच ओळखू येतो. त्यांचा पहिला प्रश्न 'तू काय आणलंस' हा नसतोच. 'तू पुढच्या मंगळवारी येणार आहेस का?' हा असतो.

आणि या टीमच्या सीझनचं उत्तर तेच आहे. पुढच्या मंगळवारी प्रॅक्टिस आहे. त्याच्या पुढच्याही.

विचार करा. आपल्या डोक्यात 'सीझन' म्हटलं की पॉइंट्स टेबल येतं. आयपीएल बघितलेली पिढी आपण. किती सामने, किती जिंकले, नेट रनरेट किती. या मुलांकडे त्यातलं काहीच नव्हतं. शेजारच्या शाळेशी सामना लावायचा तर विमान लागणार. म्हणजे सीझनचे बहुतेक दिवस फक्त सराव. शाळेच्या जिममध्ये, बाहेर अंधार, आत दिवे, आणि भिंतीवर आपटणारा रबरी चेंडू. प्रतिस्पर्धी कोण? काल ज्याच्याशी भांडण झालं तोच.

याच्यावर एक नियम. शाळेत आलात तर खेळायला मिळेल. वर्ग बुडवला तर प्रॅक्टिस नाही.

माझ्या इंजिनिअरिंग कॉलेजात ७५ टक्के हजेरीचा नियम होता. तुमच्याही असेल. भरली नाही तर यादीत नाव, मग अर्ज, मग एचओडींच्या केबिनबाहेर रांग. आम्ही काय केलं? प्रॉक्सी! चार वर्षांत मी एवढे वेगवेगळे 'येस सर' म्हटलेत, की डबिंग आर्टिस्ट व्हायला हरकत नव्हती. हजेरीचा नियम दोन्हीकडे. मग तिथे तो चालला आणि आमच्याकडे त्याची थट्टा का झाली?

कारण सोपं आहे. आमच्या नियमाच्या पलीकडे आम्हाला हवं असलेलं काही नव्हतं, फक्त टळलेली शिक्षा होती. त्यांच्या नियमाच्या पलीकडे एक जागा होती, जिथे मुलं स्वतःहून जाऊ बघत होती. आणि प्रॉक्सी चालणार कशी? लॅक्रॉसमध्ये तू आला नाहीस तर पास झेलणारा एक माणूस कमी. तुझं नसणं मास्तरच्या वहीत नंतर, मित्राला आधी कळतं.

याला मी सगळ्यात मोठी गोष्ट मानतो. ज्या मुलाला वाटतंय, की मी नसलो तरी कुणाला काही फरक पडणार नाही, त्याला रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी कुणीतरी विचारतं, "अरे, काल कुठे होतास?" समुपदेशनाच्या पुस्तकात याला मोठा शब्द असेल. आमच्या गल्लीतल्या मंडळात याला 'हाक मारणं' म्हणतात.

आणि खेळ धसमुसळा आहे, याचाही उपयोग झाला असणार. आत साठलेला राग बाहेर काढायला एक जागा मिळते, आणि तिथे नियम असतात. कुठे ढकलायचं, कुठे नाही, शिट्टी वाजली की थांबायचं. घरात ज्याने राग फक्त फुटताना पाहिलाय, त्याला राग थांबताना पाहायला मिळणं, हे लहान काम नाही.

सिनेमात एक अ‍ॅडम नावाचा मुलगा आहे. आजी-आजोबांकडे वाढलेला, अबोल, पक्का शिकारी. आजी-आजोबांना शाळेचा काडीचा भरवसा नाही. मास्तरला तिथे जाऊन ऐकावं लागतं, की शाळेबाहेरही शिक्षण आहे, बर्फावर जनावर शोधणं हेसुद्धा ज्ञानच आहे. मिरांडा नावाची पुस्तकात रमणारी मुलगी आहे, ती संघाचा कारभार सांभाळते. हळूहळू संघ मास्तरचा राहत नाही, पोरांचा होतो. मधल्या भागात फार वाईट घटनाही घडतात, त्या मी सांगत नाही, तुम्ही बघा. शेवटी पोरं पैसे जमवून थेट टोरांटोला जातात, राष्ट्रीय स्पर्धेला.

कुगलुक्तुक ते टोरांटो सरळ रेषेत सुमारे ३,४०० किलोमीटर. श्रीनगर ते कन्याकुमारी सरळ रेषेत तीन हजारही भरत नाही. हे देशाच्या आतलं अंतर सांगतोय! आणि समोरचे संघ लहानपणापासून काठी हातात घेतलेले, आठवड्याला सामने खेळणारे. निकाल काय लागत असेल याचा अंदाज करा. 'चक दे इंडिया' आठवून शेवटच्या मिनिटाचा गोल, कप, राष्ट्रगीत असं काही मनात आलं असेल तर ते बाजूला ठेवा. या गोष्टीत स्कोअरबोर्ड महत्त्वाचा नाही. मुलं तिथे पोचली, उभी राहिली आणि परत गेली, ती गावाची म्हणून.

आता जरा आकडे तपासू

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो, माफ करा.

ही गोष्ट जगभर अशी सांगितली जाते, की लॅक्रॉस आला आणि गावातल्या तरुणांच्या आत्महत्या जवळजवळ थांबल्या. ऐकायला छान वाटतं. शाळेतली हजेरी वाढली, मुलं टिकली, गावात फरक दिसला, हे तिथलीच माणसं सांगतात आणि ते खोटं ठरवायचा मला काही हक्क नाही.

पण एक गणित करा. तेराशे वस्तीचं गाव. एका वर्षात एक जरी मृत्यू झाला, तरी तो लाखामागे ७७ असा आकडा होतो. पुढच्या वर्षी शून्य मृत्यू, तर शून्य. म्हणजे एका माणसाच्या फरकाने आलेख ७७ वरून शून्यावर. एवढ्या छोट्या गावात आकडा उड्या मारणारच. म्हणून 'लॅक्रॉसने आत्महत्या थांबवल्या' असं एका ओळीत लिहून रीलवर टाकणं धोक्याचं. कारण मग उद्या कुणी सरकारी अधिकारी म्हणेल, "दोनशे काठ्या पाठवून द्या, प्रश्न सुटला."

प्रश्न सुटलेला नाही. नुनावुतमधलं आत्महत्येचं प्रमाण कॅनडाच्या सरासरीच्या सुमारे दहापट राहिलं आहे. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये नुनावुतच्या प्रमुखांनी, प्रीमियर पीटर ताप्तुना यांनी, हे संकट असल्याचं जाहीर केलं आणि त्यासाठी खास मंत्री नेमला. ताप्तुना कुठले आमदार होते माहितीये? कुगलुक्तुकचे.

म्हणजे ज्या गावाची ही यशाची गोष्ट, त्याच गावचा माणूस सगळ्या प्रदेशासाठी सांगत होता, की अजून खूप काम बाकी आहे. घरं कमी आहेत, समुपदेशक कमी आहेत, आपली भाषा बोलणारे डॉक्टर त्याहून कमी. टीम ही त्याची जागा घेऊ शकत नाही. टीम काय करू शकते? माणूस मदतीपर्यंत पोचेपर्यंत त्याला धरून ठेवू शकते. औषध म्हणाल तर पूर्ण उपचार नाही, पण श्वास चालू ठेवणारं काहीतरी नक्कीच.

दुसरी शंका. 'बाहेरून एक गोरा मास्तर येतो आणि बिचाऱ्यांना वाचवतो', हा साचा आपण शंभर सिनेमांत पाहिलाय. या सिनेमाबद्दल मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्याच्या निर्मात्यांमध्ये दोन इनुइट बायका आहेत, स्टेसी अग्लोक मॅकडोनाल्ड आणि अलेथिया अर्नाकुक-बारिल. स्टेसी तर कुगलुक्तुकचीच. चित्रीकरण नुनावुतच्या राजधानीत, इकालुईतमध्ये झालं, आणि पडद्यावरची बरीच मुलं तिथलीच. त्यातली एक, ॲना लॅम्ब, तेव्हा हायस्कूलमध्ये होती. तुमच्यापैकी कुणी नेटफ्लिक्सवर 'नॉर्थ ऑफ नॉर्थ' ही २०२५ ची कॉमेडी मालिका पाहिली असेल, तर तिची नायिका तीच ॲना. आणि मालिका निर्माण करणाऱ्या कोण? त्याच दोघी, स्टेसी आणि अलेथिया.

हे मला फार भारी वाटतं. आधी दुःखाची गोष्ट सांगितली, मग त्याच टीमने सगळ्या जगाला हसवलं. सीझन दोन म्हणतात तो हा!

आपल्याकडे

आता तुम्ही म्हणाल, "भाऊ, आर्क्टिकमधलं आम्ही काय करू?" तर एक आकडा सांगतो, आपल्या घरचा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. राज्यांच्या यादीत सगळ्यात वर कोण? आपला महाराष्ट्र.

इथे सूर्य रोज उगवतो. इथे रस्ते आहेत, फाइव्ह-जी आहे. तरी हा आकडा आहे. कारणं वेगळी, इतिहास वेगळा, मी दोन्हीची बरोबरी करत नाही. पण 'मी नसलो तरी कुणाला काय फरक पडतो' ही भावना एमपीएससीची चौथी अटेम्प्ट देणाऱ्या सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसवरच्या मुलालाही ठाऊक आहे, आणि वर्क फ्रॉम होममध्ये दिवसभर कॅमेरा बंद ठेवून बसलेल्या माझ्या टीममधल्या पोरालाही.

त्यासाठी लॅक्रॉसच्या काठ्या मागवायची गरज नाही. आपल्याकडे काय काय आहे बघा. तालीम आहे, ढोल-ताशा पथक आहे, कबड्डीचं मंडळ आहे, रविवारचा सिंहगड ग्रुप आहे, अभ्यासिका आहे. यातलं कुठलंही चालेल, फक्त ग्रिझलीजकडून तीन गोष्टी उचला.

एक, ठरलेला वार आणि ठरलेली वेळ. 'बघू, भेटू कधीतरी' याने कुणी वाचत नाही.

दोन, प्रत्येकाला काहीतरी काम. कुणी चेंडू आणेल, कुणी टर्फचे पैसे गोळा करेल, कुणी पाण्याची बाटली भरेल. ज्याच्याकडे काम आहे त्याचं नसणं जाणवतं.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. कुणी दोनदा आला नाही, तर ग्रुपवर 'कुठेयस रे' टाकून मोकळं होऊ नका. फोन करा. उचलला नाही तर जा. दार वाजवा. खाली चहाला उतरव म्हणा. आणि तो खरंच तळाला गेलाय असं वाटलं, तर सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही. उलट अनेकांना पहिल्यांदा बोलायला वाट मिळते. ऐकून घ्या, लेक्चर देऊ नका, त्याला एकटं सोडू नका, आणि घरच्या किंवा जवळच्या मोठ्या माणसाला, डॉक्टरला सोबत घ्या.

सरकारची टेलिमानस नावाची मोफत हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. हा नंबर आत्ता, एपिसोड थांबवून, फोनमध्ये सेव्ह करा. स्वतःसाठी नको वाटत असेल तर मित्रासाठी करा. खरंच करा, मी थांबतो.

केला? छान.

जाता जाता एकच. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये लॅक्रॉस होईल, तेव्हा आपण सगळे क्रिकेटचा सामना बघत असू, मला माहितीये. पण मध्ये ब्रेक झाला की चॅनेल बदला जरा. सहा-सहा जणांचा, छोट्या मैदानावरचा, वेगवान प्रकार असणार आहे. ज्यांचा हा खेळ मुळात आहे, त्या हौडेनोसॉनी लोकांनी आपल्या स्वतःच्या झेंड्याखाली खेळायची मागणी लावून धरली आहे. तो एक वेगळा एपिसोड होईल, हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा.

आणि आज रात्री झोपायच्या आधी, कॉन्टॅक्ट लिस्टमधल्या अशा एका माणसाला फोन लावा, जो हल्ली ग्रुपवर फक्त निळी टिक देतो, उत्तर देत नाही. काही विशेष बोलायची गरज नाही. "मंगळवारी येतोयस ना?" एवढं पुरे.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, आणि एकमेकांची जास्त घ्या. नमस्कार!